दम लागतो

आमच्या घरात घड्याळ नव्हतं. शिंदे की छावनीत, महाराजांच्या फौजेच्या वस्तीत, त्याची गरज कुणालाच नव्हती, बिगुल होता. पहिल्या बिगुलाला आई चूल पेटवायची, दुसऱ्याला बाबा अंगणात उभे राहून दाढी करायचे, आणि तिसरा वाजायच्या आत माझा धाकटा भाऊ दत्तू पायांना पट्ट्या गुंडाळून दाराबाहेर पडलेला असायचा. शिपायांच्या घरांची लांब ओळ होती ती, एकाला एक चिकटलेली. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे एक बाज मावेल एवढं अंगण. शेजारी मिरचीची फोडणी पडली की शिंका आमच्याकडे. आमचे पूर्वज दख्खनेतून घोड्यांबरोबर आले असं बाबा सांगत, पण कुठल्या गावाहून ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते गाव थोडंफार उरलं होतं ते आईच्या हातात. रविवारी मटणाच्या रश्शाबरोबर ती ज्वारीच्या भाकरी थापायची. सणाला मात्र बेढई, डाळ भरलेली पुरी, तळायची, ती शेजारच्या ठाकुरांच्या बाईकडून शिकलेली. आमचं बोलणंही तसलंच, सुरुवात मराठीत आणि शेवट हिंदीत. बाबा फक्त रागावले की शुद्ध मराठी बोलत, म्हणून घरात शुद्ध मराठी ऐकू आली की आम्ही दोघं भाऊ सावध व्हायचो.

मी थोरला, सदाशिव. शाळा चौथीत सुटली. डावा डोळा जन्मापासून तिरका. भरतीला उभा राहिलो तेव्हा डॉक्टरनं उजवा डोळा झाकून समोरची पाटी वाचायला सांगितली, तर मला पाटीच दिसेना. मी म्हणालो, साहेब, पाटी नाही दिसत पण माणूस दिसतो, आणि गोळी तर माणसालाच घालायची आहे. साहेब हसला आणि त्यानं मला बाहेर काढलं. बाबा हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. पण त्यांच्या ट्रंकेत एक केशरी पटका होता, तो थोरल्याला द्यायचा असं माझ्या लहानपणापासून ठरलेलं होतं. पुढे दत्तू भरती झाला तेव्हा त्यांनी तो काढून दत्तूच्या डोक्याला बांधला. मी तिथंच उभा होतो. मला आनंद झाला. पूर्ण झाला असं मात्र लिहिणार नाही.

मी गोटीसोड्याच्या धंद्यात पडलो. तेव्हाच्या बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी असायची. लाकडी दट्ट्या वरून दाबला की गोटी फट् करून आत पडायची आणि सोडा फसफसून वर यायचा. हातानं फिरवायचं सोड्याचं यंत्र एका म्हाताऱ्याकडून मिळालं होतं. त्याची दांडी फिरवून फिरवून माझा पंजा असा रुंद झाला की आई म्हणायची, ह्याच्या हाताची भाकरी केली तर चार जणांना पुरेल. परेडच्या मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली माझा ठेला लागायचा. कवायत सुटली की पोरं यायची, दट्ट्याचे आवाज सुरू व्हायचे, आणि रिकाम्या बाटलीत गोटी खुळखुळायची. तो खुळखुळाट मला अजून ऐकू येतो. का, ते पुढे लिहितो.

मग रियासत गेली. मध्यभारत झालं. बिगुल वाजत राहिला, पण छावनीत दुसरंच बोलणं सुरू झालं. महाराजांची फौज आता साऱ्या देशाच्या फौजेत मिसळणार, आणि मिसळताना छँटनी होणार. बाहेरून साहेब येणार, एकेकाला पळवून बघणार, छाती-डोळे तपासणार, टिकेल तो राहणार, बाकीचे घरी. आमच्या गल्लीतल्या बायकांनी तिला चाळणी असं नाव दिलं. पाण्याच्या नळावर एकच विषय, तुमचा राहील का चाळणीत. ज्या घरात सात पिढ्या शिपाईगिरीशिवाय दुसरं काही कुणी केलेलं नव्हतं, त्या घरांना चाळणीखाली काय असतं तेच माहीत नव्हतं. बाबा रात्रंदिवस एकच म्हणत, "दत्तू राहिला की मी डोळे मिटायला मोकळा." दत्तू हरणासारखा पळायचा. तो राहणार याबद्दल साऱ्या छावनीत फक्त एकाला शंका होती, ती म्हणजे दत्तूला.

"दादा," एकदा तो मला म्हणाला, "मी पहिल्या दोन फेऱ्या सगळ्यांच्या पुढे असतो. तिसरीत काय होतं कुणास ठाऊक. पाय जवाब देतात, बस."

तिथून सुरुवात झाली. बाजारात एक निवृत्त कंपौंडर दवाचं छोटं दुकान चालवायचा. डोकेदुखीच्या पुड्यांत तो एक पांढरी भुकटी घालायचा आणि तिला चहाचं सत म्हणायचा. झोप उडते, थकवा पळतो, लढाईतल्या शिपायांना देत होते, असं त्यानंच कधीतरी गप्पांत सांगितलं होतं. मी चहाचा चुरा गुळात उकळून उकळून काळा केला, वर मिरपूड टाकली, कंपौंडरकडून ती भुकटी आणली आणि सगळं सोड्यात भरलं. भुकटी देताना त्यानं बजावलं होतं, "एक चुटकी, पूरे घड़े में. बोतल में नहीं, घड़े में." मी मान हलवली. पहिल्या दिवशी घड्यातच टाकली, अगदी एक चिमूट.

दुसऱ्या दिवशी पोरं परत आली. "भैया, वो कल वाला." पिऊन एक भिंडचा पोरगा मैदानाला एक जादा फेरी मारून आला आणि ओरडला, "क्या दम है." झालं, नाव पडलं. दम. एक दम देना, दो दम देना. आमच्या मराठी घरांत त्या नावाची फार थट्टा झाली, कारण हिंदीत दम म्हणजे जोर आणि आमच्यात दम लागतो म्हणजे धाप लागते. आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "काय नाव शोधलंय. दम लागतो म्हणून दम प्यायचा, आणि दम प्यायला की दम लागणार." सगळे हसले, मीही हसलो. पोरांनी पण ते उचललं. मराठी पोरं मुद्दाम छातीवर हात ठेवून यायची आणि म्हणायची, "सदादादा, दम लागतो." म्हणजे बाटली दे. चहा लागतो, विडी लागते, तसा दम लागतो. रोज सकाळी पंधरा-वीस वेळा मी ते वाक्य ऐकत होतो.

आता मी खरं सांगतो, मला काय झालं होतं. ज्या फौजेनं मला पाटी दिसत नाही म्हणून बाहेर काढलं, तिचे जवान माझ्या ठेल्यापुढे रांगेत उभे राहत होते. मी हात वर केला की थांबत. कुणाला किती द्यायची, कुणाला आधी द्यायची, मी ठरवत होतो. ती माझी परेड होती. मग एक जण म्हणाला, आज कमी लागला, तर मी दोन चिमट्या टाकल्या. मग तीन. मग घड्यात टाकायचं सोडून ओळखीच्या पोरांच्या बाटलीत वेगळी टाकायला लागलो. ज्यांच्यावर माझी मर्जी, त्यांना कडक. दत्तूवर सगळ्यात जास्त मर्जी.

दत्तूला आधी तो नको होता. "जीभ कडू होते, दादा. आणि पोटात काहीतरी फडफडतं."

"फडफडतं म्हणजे काम करतंय," मी म्हणालो. "पिऊन घे. मी काय तुला विष देईन?"

तो प्यायला. आमच्यात थोरल्या भावानं दिलेलं धाकटा नाकारत नाही. पहिल्या आठवड्यात एक बाटली, मग दोन, चाळणीची तारीख जवळ आली तशा पाच-सहा. तिसरी फेरी त्यानं मारली, चौथीही मारली. डोळे चमकायला लागले. बाबा अंगणातून त्याला जाताना बघत आणि मिशीवरून हात फिरवत. पण पट्ट्या गुंडाळताना त्याची बोटं थरथरायची आणि पट्टी सैल सुटायची. ज्यानं एका वेळी आठ पोळ्या खाल्ल्या होत्या तो दीड पोळीवर ताट सरकवायला लागला. दुपारी बाजेवर पडायचा, पण पापणी लागायची नाही, पाय हलत राहायचे. कुणी दार जोरात लोटलं तर दचकून उठायचा. शेजारच्या पोरानं जरा चिडवलं म्हणून त्यानं त्याच्या कानाखाली वाजवली. आमचा दत्तू, ज्यानं कधी कुत्र्याला दगड मारला नव्हता.

एका दुपारी तो तसाच डोळे उघडे ठेवून पडलेला असताना आई त्याच्याजवळ बसली आणि तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला. नुसता वात्सल्यानं ठेवला असेल. मग तिनं तो उचलला नाही. बराच वेळ तशीच बसली. मागच्या खोलीत मी बाटल्या धूत होतो, तिथं येऊन हळू म्हणाली, "सदा, त्याच्या आत घोडा पळतोय. मुलगा नुसता पडलाय आणि घोडा पळतोय. काय देतोयस तू त्याला?"

"सराव करतो तो. छाती पळणारच."

"मी दोन पोरं वाढवलीत. पळून आलेली छाती वेगळी, ही वेगळी."

त्या संध्याकाळी दत्तूसाठी वेगळ्या काढून ठेवलेल्या तीन बाटल्या तिनं मोरीत ओतल्या. मी आलो तेव्हा मोरीत काळा फेस होता आणि ती त्यावर पाणी ओतत होती. मी तिला म्हणालो, तुला काय कळतं, तू चूल सांभाळ. आईला मी आयुष्यात असं एकदाच बोललो. ती मोरी घासत राहिली. दुसऱ्या दिवसापासून मी दत्तूच्या बाटल्या घरी आणल्याच नाहीत. मैदानावरच द्यायला लागलो.

कंपौंडरही येऊन गेला. त्याच्या एका गिऱ्हाइकाचा मुलगा परेडनंतर उलट्या करत होता, त्यावरून त्याला कळलं. ठेल्यासमोर उभा राहून रांग बघत होता. मग म्हणाला, "कितना डालते हो?"

"चुटकी," मी म्हणालो.

"किसकी चुटकी?" असं म्हणून त्यानं माझा पंजा उलटा करून बघितला. "ये चुटकी है? ये तो कलछी है, भाई. अब नहीं मिलेगा मेरे यहाँ से."

माझ्या चिमटीला त्यानं पळी म्हटलं तशी आजूबाजूची पोरं हसली. त्यांच्यासमोर मला म्हाताऱ्यानं शिकवावं याचा मला इतका राग आला की त्याचं म्हणणं आत शिरलंच नाही. घरी अर्धी पुडी शिल्लक होती. चाळणीला चार दिवस राहिले होते. मी हिशेब केला, दत्तूला पुरेल.

हे लिहिताना मी हरिशंकरपुरमच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर बसलोय. नातू निखिल आतल्या खोलीत क्लासचं काहीतरी मोठ्यानं पाठ करतोय, त्याला पोलिसात अधिकारी व्हायचंय. मागच्या महिन्यापर्यंत फ्रिज उघडला की दुधाच्या पातेल्याशेजारी त्याचे काळ्या-निळ्या रंगाचे उंच डबे उभे दिसायचे. सून म्हणायची, आजकल सब पीते हैं, बाबा. माझ्या ठेल्यावरही सगळे पीत होते.

चाळणीचा दिवस चैत्रातला. ऊन नऊ वाजताच अंगाला बोचायला लागलं. मैदानाभोवती दोर बांधला होता. आत टेबल, टेबलामागे बाहेरून आलेले साहेब, त्यांचा डॉक्टर. दोराच्या बाहेर सारी छावनी. बाबा कोट घालून आले होते, चैत्रात, कोट. छातीवर दोन पदकं. माझा ठेला नेहमीच्या कडुनिंबाखाली, दोराला लागून. मैदानाच्या चार फेऱ्या पळायच्या होत्या. दत्तूला सकाळपासून मी तीन बाटल्या दिल्या होत्या, उरलेली पुडी झाडून. तो आदल्या रात्री झोपला नव्हता. म्हणाला, डोळे मिटले की आत कुणीतरी कवायत करतं.

शिट्टी झाली. पहिली फेरी दत्तू पुढे. दुसरी फेरी दत्तू पुढे. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. फार वर्षांनी त्यांनी माझ्याकडे तसं बघितलं होतं. तिसऱ्या फेरीत तो माझ्या ठेल्याच्या बाजूला आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि ओठ पांढरे. दोराशी येऊन तो थांबला. छातीवर हात ठेवला.

"दादा," तो म्हणाला, "दम लागतो."

मी दट्ट्या दाबला, गोटी आत पडली, आणि मी बाटली त्याच्या हातात दिली.

त्यानं बाटलीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. एवढा वेळ नव्हता, पण मला तो बराच वेळ वाटतो. मग त्यानं बाटली तोंडाला लावली, अर्धी प्यायला, अर्धी हनुवटीवरून गळ्यावर गेली, बाटली मला परत दिली आणि पळायला लागला. पन्नासेक पावलं गेला असेल. गुडघे आधी गेले. मग तो हळूच, कुणी पोतं उतरवून ठेवावं तसा, जमिनीवर आडवा झाला.

मी दोराखालून वाकून पळालो. बाटली हातातच राहिली होती. डॉक्टरनं त्याच्या छातीला नळी लावली आणि खूप वेळ ऐकलं. मग नाडी धरली, मग परत नळी लावली. तरुण होता तो, चांगल्या चेहऱ्याचा. त्यानं वर बघून मला विचारलं, "तुम कौन?"

"बड़ा भाई."

"सुबह से कुछ खाया-पिया है इसने? कोई दवा, कोई गोली?" मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "देखो, कुछ लिया है तो बता दो. उतर जाएगा, पंद्रह दिन बाद मैं दोबारा देख लूँगा. नहीं लिया, तो फिर इसका दिल ही ऐसा है. ऐसे दिल को मैं फौज में नहीं रख सकता."

बाबा तोवर येऊन माझ्या मागे उभे राहिले होते. त्यांची पदकं एकमेकांवर आपटत होती. दत्तू शुद्धीवर आला होता. त्याचे डोळे उघडे होते आणि तो माझ्याकडे बघत होता, डॉक्टरकडे नाही.

"पानी, साहब," मी म्हणालो. "सिर्फ पानी पिया है."

तेव्हा माझ्या हातातल्या रिकाम्या बाटलीत गोटी खुळखुळली. डॉक्टरनं बाटलीकडे बघितलं. मैदानाच्या कडेला सोडा पिणं हा काही गुन्हा नव्हता. त्यानं दत्तूला विचारलं, "क्यों जवान? सच?"

दत्तू म्हणाला, "जी साहब. पानी."

डॉक्टर उठला आणि त्यानं टेबलाकडे जाऊन काहीतरी लिहिलं. एका ओळीपेक्षा जास्त नव्हतं ते.

त्या दिवसाबद्दल मी स्वतःला पुष्कळ गोष्टी सांगितल्या. खरं सांगितलं असतं तर दम प्यायलेली पंचवीस पोरं एका दमात बाहेर गेली असती, असं सांगितलं. मी चुकीचं ऐकलं, असं तर कितीतरी वर्षं सांगितलं. शब्दाची चूक. रोज वीस जण छातीवर हात ठेवून दम लागतो म्हणत होते, एकविसावा म्हणाला, मी बाटली दिली. हिंदी मुलखात वाढलेला माणूस, त्याची भाषा अशी दोन ठिकाणी फाटलेली, तो काय करणार. कुणाला सांगितलं असतं तर पटलं असतं. पण मला दोन्ही अर्थ येत होते. आणि त्याचे ओठ पांढरे होते, ते मला दिसले होते. पाटी दिसत नसेल, माणूस दिसतो असं मीच म्हणालो होतो. मला त्याला थांबवायचं नव्हतं, कारण बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली होती. आणि डॉक्टरला खोटं सांगितलं तेव्हा तर शब्दाची काही अडचणच नव्हती. तो हिंदीत विचारत होता आणि मी हिंदीत उत्तर दिलं.

बाबांनी घरी आल्यावर कोट काढला आणि शुद्ध मराठीत बोलले. "आमच्या घराण्यात छातीचा कच्चा आजवर कुणी निपजला नव्हता." पटका त्यांनी परत मागितला नाही. दत्तूनंच तो घडी करून ट्रंकेत ठेवला. बाबा आणि दत्तू मग एका घरात राहून वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत. आईनं त्या रात्री सगळ्यांना वाढलं, माझ्या ताटात पोळी टाकताना क्षणभर थांबली, आणि टाकली. तिनं मला कधीच काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मी यंत्र विकलं. पुढे मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान काढलं, ते चाललं. चाळणीतून राहिलेली पोरं रेल्वेनं कुठे कुठे निघून गेली, बिगुल बंद झाला, छावनीतल्या त्या ओळीत दुकानं आली. दत्तू बिड़ला नगरात मिलमध्ये लागला. कापसाच्या धुरळ्यात त्याला उभं राहणं होईना म्हणून त्यांनी त्याला फाटकावर स्टुलावर बसवलं. खाकी कपडे, कमरेला पट्टा. येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करायचा. लग्न झालं, एक मुलगी झाली. त्याच्या घराचा जिना आम्ही दोघं चढायचो तेव्हा पिशवी त्याच्या हातातून मी घ्यायचो, आणि तो मधल्या पायरीवर कठड्याला धरून थांबायचा आणि म्हणायचा, "थांब दादा, जरा थकलो." मी म्हणायचो, आरामात. आम्ही दोघं तिथं उभे राहून खालची रहदारी बघायचो. मैदानाचा विषय त्यानं कधी काढला नाही. मी काढीन काढीन म्हणत राहिलो. माफी मागायची मला सवय नव्हती, आणि भावाभावांत काय असतं असं म्हणून मी ते पुढे ढकललं. तो पन्नाशीच्या जरा पुढे गेला आणि एका सकाळी फाटकावर स्टुलावरच गेला.

तेराव्यानंतर त्याची बायको विमल मला चहा देताना म्हणाली, "भाऊजी, एक विचारू? ते घरात दिवसातून दहा वेळा म्हणायचे, विमल, दम लागतो. पण तुम्ही आलात की थकलो म्हणायचे. मी एकदा विचारलं, असं का. तर म्हणाले, दादासमोर तो शब्द नको."

तीस वर्षं. जिन्याच्या मधल्या पायरीवर, धाप लागलेली असताना, तो शब्द शोधून बदलत होता.

मी हे सगळं लिहायला घेतलं त्याला कारण झालं. मागच्या महिन्यात निखिल पहाटे पळून आला, तीन मजले चढला आणि दारात उभा राहून म्हणाला, "आजोबा, आज जरा दम लागला." हसत म्हणाला. ओठ बघितले मी त्याचे. तो हॉलमध्ये आडवा झाला तेव्हा जवळ बसलो आणि त्याच्या छातीवर हात ठेवला. माझा हात आता रुंद राहिलेला नाही, नुसती कातडी उरलीय, पण कळायला पुरेसा आहे.

"किती पितोस ते?" मी विचारलं.

"एकच, आजोबा. रात्री पढाईला एक."

"कुणाचं एक?"

त्याला ते कळलं नाही. मी उठलो, फ्रिजमधले चार डबे काढले आणि सिंकमध्ये ओतले. गोड, दवेसारखा वास आला. तो मागे आला आणि चिडून म्हणाला, "काय करताय तुम्ही? आपको क्या पता, आजोबा, कॉम्पिटिशन काय असते." मी नळ सोडून सिंक धूत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला डॉक्टरकडे नेलं. नेलं म्हणजे, मी रिक्षात जाऊन बसलो आणि म्हणालो, मला तब्येत दाखवायचीय, चल. मला दाखवायचंय म्हटल्यावर तो आला. तिथं पोचल्यावर मी खुर्चीवर त्याला बसवलं. डॉक्टर तरुण बाई होती. तिनं नळी लावली, मशीनच्या पट्ट्या लावल्या, कागद बाहेर आला तो बघत राहिली.

"क्या तकलीफ है?"

"कुछ नहीं," निखिल म्हणाला.

"दम फूलता है इसका," मी म्हणालो. मैदानावर एवढं एक वाक्य हिंदीत सांगायचं होतं.

तिनं निखिलला विचारलं, "कुछ लेते हो? कोई दवा, कोई एनर्जी ड्रिंक?"

निखिलनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरकडे नाही, माझ्याकडे. ते बघणं मी ओळखतो. मी काय म्हणेन तेच तो म्हणणार होता.

भाजीची पिशवी मी बरोबर आणली होती. त्याच्या पलंगाखालून, कपाटामागून, गच्चीवरच्या टाकीजवळून गोळा केलेले रिकामे डबे तिच्यात होते. एकेक काढून मी डॉक्टरच्या टेबलावर उभे केले. टेबल भरलं तसे उरलेले मी खाली फरशीवर ठेवायला लागलो.

"जी," मी म्हणालो. "लेता है. मैं बताता हूँ कितना."